गंधक, ऊन आणि पाण्याच्या पाळ्या

28 नोव्हेंबर 2023

रविवारच्या गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. निफाड तालुक्यात सगळीकडे त्याच गोष्टी चालू आहेत. कांद्याच्या रोपाकडे बघायला कुणाला सवड नाही. आमचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकून महिना होत आला होता आणि गादीवाफ्यावरचं निम्मं रोप आडवं झालं. पुतण्या म्हणाला, "काकू, बाहेरून रोप आणावं लागणार. मिळेल ते आणतो."

"मिळेल ते" याला माझी हरकत आहे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं थांबल्यापासून माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय : कांद्यात अंगाला लागण्यासारखं जे काही आहे, ते शेतातल्या कशामुळे कमी-जास्त होतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने आणून तपासले आणि सरासरी दिली. प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह घालून फरकही दिलाय. लोक सरासरी वाचतात. मला त्या अधिक-उण्यात रस आहे. जमीन, पाणी, ऊन, वाण सगळं तिथे जाऊन बसलेलं असतं.

आणि त्यात वाणाचा हात सगळ्यात मोठा. लाल आणि पिवळ्या कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं फ्लेवोनॉल भरपूर असतं, पांढऱ्यात ते नावालाच. लाल कांद्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पांढऱ्यात नाहीच. शेतकऱ्याने पुढे खत-पाण्याची कितीही शर्थ केली तरी पांढऱ्या वाणाला हे जमत नाही. म्हणून म्हटलं, रोप आण, पण कुठल्या वाणाचं ते विचारून आण. उन्हाळ कांद्यासाठी आमच्याकडे एन-2-4-1 चालतो. तो इथल्याच पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रात निवडलेला. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरणही आता बरेच जण लावतात.

पुतण्याने फोनवर रोपवाल्याला विचारलं. "गावरान आहे," तो म्हणाला. या उत्तरात काहीही बसतं.

9 डिसेंबर

केंद्र सरकारने निर्यातबंदी घातली, 31 मार्चपर्यंत. काल लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. भाऊजी सकाळपासून कुणाशी धड बोललेले नाहीत.

सध्या बाजारात आहे तो खरिपाचा लाल कांदा. पावसाळ्यात वाढलेला, पाणी जास्त, साल पातळ. महिनाभरसुद्धा धड टिकत नाही. उन्हाळ कांद्याचा शेतकरी कांदाचाळ भरून ठेवू शकतो, भाव पडला तर थांबू शकतो. लाल कांद्यावाल्याला थांबता येत नाही, काढला की विकायचा. टिकाऊपणा ठरतो कांद्यातल्या घन भागावरून, म्हणजे पाणी सोडून जे उरतं त्यावरून. कांद्यात स्टार्च नसतो. साखरा आणि फ्रुक्टन नावाची शर्करांची साखळी एवढ्यावर त्याचा साठा. ज्या कांद्यात फ्रुक्टन जास्त तो जास्त दिवस टणक राहतो, आणि हेच फ्रुक्टन आपल्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे. म्हणजे पोषणाची एक बाजू आणि शेतकऱ्याची भावासाठी थांबायची ताकद एकाच रसायनावर उभी आहे. दिल्लीत धोरण ठरवणाऱ्यांना हे ऐकवून उपयोग नाही, पण इथे लिहून ठेवते.

27 डिसेंबर

लागवड चालू झाली. बायका पहाटे सातला येतात, धुक्यात. थंडी चांगली पडलीय.

काल पुतण्याबरोबर कृषी सेवा केंद्रात गेले होते. त्याने नेहमीप्रमाणे डीएपीच्या गोण्या मागितल्या. मी विचारलं, गंधकाचं काय? दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. राहुरी विद्यापीठाची कांद्याची जुनी शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश अशी आहे, आणि गंधक त्याशिवाय. एके काळी लोक स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचे. त्यात स्फुरद 16 टक्के आणि त्याबरोबर न मागता 11 टक्क्यांच्या आसपास गंधक. मग डीएपी आलं, 18:46 चं. एका गोणीत जास्त माल, वाहायला सोपं. पण डीएपीत गंधक नाही. 10:26:26 मध्येही नाही. कुणाच्या लक्षात न येता कांद्याच्या ताटातला एक पदार्थ काढून घेतला गेला.

गंधक नसेल तर काय होतं ते बघायला अमेरिकेत जावं लागेल. जॉर्जिया राज्यात व्हिडेलिया नावाचं गाव आहे. त्या भागातल्या मोझेस कोलमन या शेतकऱ्याने 1931 साली कांदा लावला आणि तो तिखट न निघता गोड निघाला. जमीन वाळूसर. पावसाच्या पाण्याबरोबर गंधक खाली वाहून जातं, मुळांना मिळत नाही. तोच त्यांचा व्यापार झाला. 1986 साली राज्याने कायदा केला की ठरावीक भागात पिकलेल्यालाच व्हिडेलिया कांदा म्हणायचं.

गोड म्हणजे साखर जास्त, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. आपल्या तिखट कांद्यातही साखर असते, तिखटपणा तिला पुढे येऊ देत नाही. कांदा जमिनीतून सल्फेट घेतो आणि त्यापासून गंधकयुक्त अमिनो आम्लं बनवून पेशीत साठवतो. त्याच पेशीत वेगळ्या कप्प्यात अलिनेज नावाचं विकर असतं. सुरी फिरली की दोघांची गाठ पडते, आणि पुढच्या काही सेकंदांत डोळ्यांत पाणी आणणारा वायू सुटतो. या वायूसाठी आणखी एक स्वतंत्र विकर लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवलं. तोपर्यंत अलिनेजच सगळं करतं असं पुस्तकांत होतं.

शेवटी पुतण्याने निम्म्या डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट घेतलं. माझ्या सांगण्यामुळे नव्हे. दुकानदाराने सांगितलं की गंधकाने कांदा चाळीत जास्त टिकतो, म्हणून.

21 जानेवारी 2024

येवल्याला नणंदेकडे जाऊन आले. तालुक्याचा उत्तर-पूर्व भाग तसाही कोरडा, त्यात यंदा पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबरअखेर सरकारने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात येवला, सिन्नर आणि मालेगाव हे आमच्या जिल्ह्यातले. ताईंच्या विहिरीला तासाभरापुरतं पाणी. कांदा दीड बिघ्यावर आणलाय, तोही ठिबकवर.

"वहिनी, दोन पाळ्यांत अंतर वाढलंय. पात पिवळी पडते," ताई म्हणाल्या. फुलकिडेही आहेत, कोरड्या हवेत ते वाढतातच.

आमच्याकडे गोदावरीच्या कालव्याची कृपा, विहिरीला अजून पाणी आहे. रोप दोन्हीकडे एकाच रोपवाल्याचं. म्हणजे वाण एक, लागवड आठवड्याच्या फरकाने, पाणी वेगळं. प्रयोगशाळेत याला प्रयोग म्हणणार नाहीत. जमीनही वेगळी आहे, आमची काळी खोल, त्यांची मुरमाड. तरी मी दोन्ही शेतांतले कांदे जवळ ठेवून बघणार आहे.

पाणी कमी पडलं की कांदा लहान राहतो आणि तिखट होतो, हे जगभरच्या प्रयोगांत दिसलंय आणि इथल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. उष्णतेनेही तिखटपणा वाढतो. याच्या उलट, भरपूर पाणी दिलेला कांदा फुगतो, वजन देतो, आणि किलोमागे पाणीच जास्त विकतो. बाजार वजनाचे पैसे देतो, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

14 फेब्रुवारी

दाट झालेल्या ठिकाणची रोपं उपटली. त्या पातीचा झुणका.

कोवळी पात आणि कांदा यांची तुलना करताना लोक गफलत करतात. कांद्याच्या गड्ड्यात क जीवनसत्त्व 100 ग्रॅममागे 7 मिलिग्रॅमच्या आसपास, पातीसकट कोवळ्या कांद्यात त्याच्या अडीचपट. बीटा कॅरोटिन गड्ड्यात जवळजवळ नाहीच, हिरव्या पातीत आहे. ऊन पातीवर पडतं, गड्डा अंधारात. त्या अर्थाने हिरवी पात आणि गड्डा या दोन वेगळ्या भाज्या आहेत. जाऊबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणून काय रोज पातच खायची?" बरोबर आहे.

10 मार्च

गड्डे धरू लागलेत. कांदा दिवस मोजतो. दिवसाची लांबी ठरावीक तासांपलीकडे गेली की पात वाढवणं कमी करून तळाशी माल साठवायला लागतो. आपले वाण कमी लांबीच्या दिवसांचे, बाराच्या आत-बाहेर तास त्यांना पुरतात. युरोपातल्या वाणांना त्याहून पुष्कळ मोठा दिवस लागतो. ते इथे लावले तर नुसती पात येईल.

डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, बरेच आलेत. थंडी लांबली की येतात. डेंगळ्याचा कांदा मधोमध पोकळ, बाजारात कोणी घेत नाही.

पुतण्याला युरियाची आणखी एक मात्रा द्यायची होती. भाऊजींनी हटकलं. लागवडीनंतर दोन महिने झाले की नत्र बंद, हा जुना नेम आहे. उशिरा नत्र दिलं तर माना जाड होतात, त्या नीट सुकत नाहीत आणि चाळीत मानेतून सड शिरते. स्वीडनमध्ये नत्राच्या कमी-जास्त मात्रा देऊन कांद्यातलं क्वेर्सेटिन मोजलं होतं. मात्रेने फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या खतासाठी आपल्याकडे रांगा लागतात त्याचा या बाबतीत फारसा संबंधच नाही.

2 एप्रिल

निम्म्याच्या वर माना पडल्या, म्हणजे कांदा काढायला आला. पाणी दहा-बारा दिवसांपूर्वीच तोडलंय.

द्राक्षवाल्यांकडे साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घरोघरी असतो. शेजारून मागून आणला, कांदा किसून, पिळून, फडक्यातून गाळून थेंब टाकला. आमच्या कांद्याचा आकडा 12 च्या जवळ. लाल रंगाच्या कांद्याला हा बरा. भुकटी करणाऱ्या कारखान्यांना मात्र याहून पुष्कळ जास्त घन भागाचा पांढरा कांदा लागतो, कारण पाणी उडवायला इंधन जळतं.

9 एप्रिल, गुढीपाडवा

ताई सणाला आल्या, येताना पिशवीभर कांदा घेऊन आल्या. त्यांची काढणी आधीच झाली, पीक लवकर वाळलं. कांदा लहान, घट्ट, रंगाला आमच्यापेक्षा गडद. गोल्टीच, म्हणजे बारका कांदाच, जास्त निघाली, त्यामुळे ताई नाराज. कोशिंबिरीसाठी चिरायला घेतला आणि स्वयंपाकघर रिकामं झालं. आमचा कांदा त्यापुढे सौम्य. रिफ्रॅक्टोमीटर अजून परत केला नव्हता. त्यांच्या कांद्याचा आकडा 14.

कडुलिंब खाऊन झाल्यावर पुतण्या म्हणाला, "कडू म्हणजे औषधी, मग तिखट कांदा जास्त औषधी का?"

गमतीत विचारलं, पण याचं अर्धं उत्तर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1990 च्या दशकात वेगवेगळ्या कांद्यांना कमी आणि जास्त गंधक देऊन वाढवलं आणि त्यांच्या रसाने रक्तातल्या बिंबिका किती गोळा होतात ते पाहिलं. रक्ताची गुठळी या बिंबिका एकत्र चिकटण्यातून सुरू होते. जास्त गंधकावर वाढलेल्या, तिखट कांद्याच्या रसाने ते चिकटणं जास्त रोखलं. पण हे परीक्षानळीत, आणि कच्च्या रसाने. कांदा शिजला की अलिनेज मरतं आणि ही रसायनं तयारच होत नाहीत. शिवाय ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे त्यांनी कांद्याचा रस पिण्याचे उद्योग स्वतःच्या डोक्याने करू नयेत. हे मी भाऊजींकडे बघून म्हटलं, कारण मोबाईलवर आलेलं ते सगळं करून बघतात.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ताईंच्या कांद्याला बाजारात आमच्यापेक्षा कमी भाव मिळणार. दुष्काळाने त्यात तिखटपणा, रंग, घन भाग सगळं भरलं आणि आकार काढून घेतला. लिलावात पैसे आकाराचे.

19 एप्रिल

काढणी संपत आली. शेतात जागोजाग ओळी. बायका कांदा उपटून अशा रीतीने मांडतात की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे गड्डे झाकले जावेत. तीन-चार दिवस तसं सुकू द्यायचं, मग खांडणी. खांडताना इंच-दीड इंच मान ठेवायची, अगदी बुडाशी कापायचं नाही. त्यानंतर सावलीत दहा-बारा दिवस ढीग.

याच टप्प्यावर माझं सगळ्यात जास्त लक्ष होतं. क्वेर्सेटिन कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत सगळ्यात जास्त, आत जावं तसं कमी, गाभ्यात अगदी थोडं. वनस्पती ते उन्हापासून, विशेषतः अतिनील किरणांपासून बचावासाठी बनवतात, त्यामुळे उजेड मिळेल तिथे ते वाढतं. स्वीडनमधल्या त्याच अभ्यासात असं दिसलं की काढून शेतातच सुकवलेल्या कांद्यात हे द्रव्य वाढत राहतं. कांदा मुळापासून तुटला, पात वाळत चालली, तरी गड्ड्यातलं काम चालूच. उशिरा काढलेल्यात लवकर काढलेल्यापेक्षा ते जास्त होतं, आणि वाढीच्या शेवटच्या टप्प्यात ऊन किती पडलं याला महत्त्व होतं.

म्हणजे शेवटचा महिना आणि सुकवणीचे दिवस मोलाचे. पण स्वीडनचं ऑगस्टचं ऊन आणि निफाडचं एप्रिलचं ऊन एका मापात बसत नाही. तिकडे ऊन मिळावं म्हणून कांदा उघडा ठेवतात. इथे पारा चाळिशीला टेकतो. उघडा ठेवला तर दोन दिवसांत चटका बसतो, वरचे पापुद्रे पांढुरके, मऊ पडतात आणि पुढे तिथून सडतात. बायकांची पातीने झाकायची रीत म्हणूनच आहे. उजेड पातीच्या फटींतून मिळतो, चटका लागत नाही. परदेशी अभ्यास वाचून कुणी इथे कांदा उन्हात उघडा टाकायचा सल्ला दिला, तर त्याला एक दिवस दुपारी आमच्या शेतात उभं करावं.

खरं नुकसान होतं ते घाईने. भाव बरा दिसला की माना पडायच्या आतच कांदा उपटायचा, शेतातच कापायचा, ओलाच गाडीत भरायचा. त्याला सुकवण मिळत नाही, पत्ती बनत नाही. डबल पत्तीचा कांदा म्हणजे वर दोन कोरडी आवरणं असलेला. व्यापारी त्याला चार पैसे जास्त देतो, कारण तो प्रवासात टिकतो. इथे एकदा तरी बाजाराचा निकष आणि माझा निकष जुळले.

यंदा ढगाळ दिवस अधूनमधून आले. त्याचा काय परिणाम झाला असेल ते तपासायचं तर नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. एका नमुन्याचा खर्च ऐकून भाऊजी म्हणाले, "तेवढ्यात कांद्याची एक गोणी येईल." सध्याच्या भावात एकच नाही, बऱ्याच येतील.

5 मे

काल निर्यात खुली झाली. पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर 40 टक्के शुल्क. दार उघडून उंबऱ्यावर काटे टाकून ठेवलेत, असं भाऊजींचं मत. मी त्यांच्याशी सहमत.

संध्याकाळी पुतण्याचा मित्र आला होता. पुण्यात विषमुक्त भाज्या पोचवण्याचा धंदा करतो. आमचा कांदा पुढच्या वर्षी सेंद्रिय करा, दीडपट भाव देतो म्हणाला. जाहिरातीत लिहिणार : "पोषणमूल्य दुप्पट."

मी म्हटलं, दुप्पट हा शब्द काढ. डेन्मार्कमध्ये 2010 च्या सुमाराला सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतीचे कांदे शेजारी-शेजारी वाढवून फ्लेवोनॉइडं मोजली. दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. आयर्लंडमध्ये 2009 ते 2014 अशी सहा वर्षं दोन वाणांवर काम झालं. तिथे सेंद्रिय कांद्यात फ्लेवोनॉलं जास्त निघाली. दोन्ही प्रामाणिक कामं. मला आयर्लंडच्या कामाचं जास्त वजन वाटतं ते सहा हंगाम पाहिले म्हणून. एका वर्षाचा पाऊस-ऊन एका वर्षाचंच सांगतं. पण त्यावरून "दुप्पट" निघत नाही. कीटकनाशक कमी फवारलं, जमीन सुधारली, या कारणांसाठी सेंद्रिय करा. ती कारणं पुरेशी आहेत.

मित्र म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक एवढं ऐकून घेत नाही." त्याने चहा घेतला आणि गेला. जाहिरात तो तशीच लिहिणार.

21 मे

काल लोकसभेचं मतदान. रांगेत कांद्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

अलिबागहून पाहुणे आले, पांढऱ्या कांद्याची वेणी घेऊन. भाताची कापणी झाल्यावर खाचरातल्या ओलीवर हा कांदा घेतात, आणि पातीसकट वेण्या विणून टांगतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. चव गोडसर, तिखट जवळजवळ नाही. नुसता मीठ लावून दोन खाल्ले.

पाहुण्यांचं म्हणणं, हा कांदा लाल कांद्यापेक्षा औषधी. मी वाद घातला नाही, ते जेवायला बसले होते. पण इथे लिहिते : पांढऱ्या कांद्यात क्वेर्सेटिन नगण्य, अँथोसायनिन नाही, तिखटपणा कमी म्हणजे गंधकाची रसायनंही कमी. रंगीत कांद्याच्या ज्या गुणांवर एवढे अभ्यास झालेत, ते यात शोधू नयेत. तो चवीला उत्तम आहे. कच्चा भरपूर खाल्ला जातो, आणि जो कांदा ताटात जास्त जातो त्याच्यातलं फ्रुक्टनही पोटात जास्त जातं. एवढं त्याचं मोठेपण मला पुरे.

13 जून

चाळ भरली. पहिला पाऊस होऊन गेला. आता लक्ष ठेवायचं ते ओलीवर. काजळी धरली की बाहेरच्या पापुद्र्यावर काळी पूड दिसते, आणि तोच पापुद्रा आपल्याला हवा असतो. चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब यांत तिसरा हिस्सा ते निम्मा माल जातो, असा इकडचा अनुभव.

साठवणीत सगळं एका वेगाने कमी होत नाही. क जीवनसत्त्व उतरत जातं, पण ते मुळातच थोडं. फ्रुक्टन हळूहळू फुटून साध्या साखरा होतात, म्हणून जुना कांदा कधीकधी गोड लागतो. क्वेर्सेटिन बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणजे दिवाळीतला चाळीचा कांदा या बाबतीत मेच्या ताज्या कांद्यापेक्षा फार मागे नसतो.

शिजवण्याचंही तसंच. परतल्याने क्वेर्सेटिन फारसं जात नाही. उकळलं की पाण्यात उतरतं, आणि ते पाणी रश्शात असेल तर पोटातच जातं. वाया जातं ते पाणी ओतून दिल्यावर. नेदरलँड्समध्ये 1995 साली माणसांवर मोजून पाहिलं, तर कांद्यातलं क्वेर्सेटिन जवळपास निम्मं शोषलं गेलं. त्याच देशातल्या झुत्फेन गावी वयस्क पुरुषांची पाच वर्षं पाहणी झाली होती, 1993 साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारात फ्लेवोनॉइडं जास्त त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी. त्यांची फ्लेवोनॉइडं आली कुठून, तर मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंद. ही पाहणी आहे, सिद्धता नव्हे. तरी सफरचंद परवडत नसेल त्याने फार वाईट वाटून घेऊ नये.

आज जाऊबाईंच्या नव्या सूनबाई कांदा सोलत होत्या. कोरडी साल काढली, मग वरचा गुलाबी पापुद्रा काढला, मग त्याच्या खालचा, तो जरा जाड वाटला म्हणून. आतला पांढरा गोळा फोडणीत गेला आणि बाहेरचे दोन मांसल पापुद्रे शेणखताच्या खड्ड्यात. एप्रिलच्या उन्हात पातीने झाकून सुकवला, त्यातलं क्वेर्सेटिन सगळ्यात जास्त याच दोन पापुद्र्यांत होतं. जाऊबाईंनीच तिला थांबवलं. फेब्रुवारीतल्या पातीच्या झुणक्यानंतर माझं त्यांनी बरंच ऐकून ठेवलेलं दिसतं.

तर ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी : कांदा लाल रंगाचा घ्या, लहान असला तरी घट्ट घ्या, वर दोन कोरड्या पत्त्या आहेत का बघा. सोलताना कोरडी साल तेवढी काढा, त्याखालचा पहिला पापुद्रा ताटात जाऊ द्या. आणि गोल्टीला नाकं मुरडू नका. लहान कांद्यात बाहेरच्या पापुद्र्यांचा वाटा मोठ्यापेक्षा जास्त असतो, आणि ती स्वस्तही मिळते.